पालथ्या डोंग्याखाली

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स म्हणून माझी सगळी नोकरी झाली. माणसं माझ्या हातात गेली आहेत. नव्या मुली यायच्या आणि म्हणायच्या, "सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या खोलीत कोणीतरी आहे हो..." मी म्हणायची, हो आहे ना, उंदीर आहे! चल, गोळ्या वाटायला घे. इथं तुम्ही लोकांनी लिहिलेले अनुभव वाचतानासुद्धा माझं निम्मं लक्ष चुका काढण्यात असतं. पण एक गोष्ट माझी स्वतःची आहे आणि तिच्यात मला आजवर चूक सापडली नाही. सांगून टाकते. विश्वास ठेवा, नका ठेवू, तुमची मर्जी.

आम्ही ढीवर, मासे धरणारे आणि नदीवर नाव चालवणारे. गाव सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठावर. नाव सांगत नाही, आमचे भाऊबंद अजून आहेत तिथं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा आमच्या गावाजवळ पूल नव्हता. पलीकडच्या बाजाराला जायचं तर आमच्याच डोंग्यातून. चांगला फळ्यांचा डोंगा होता, आठ-दहा माणसं आणि वर दोन शेळ्या सहज मावायच्या. वल्हवायचे माझे बाबा आणि मोठा भाऊ शालिक. मी त्याला दादा म्हणायची. मी धाकटी, सुमन. बाबा 'सुमे' म्हणून हाक मारायचे.

दरवर्षी उन्हाळ्यात डोंगा काठावर ओढून पालथा घालायचे आणि त्याचं बूड तपासायचे. त्याची आमच्याकडे एक रीत होती, ती समजून घ्या, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे. पालथा डोंगा दगडांवर टेकवायचा, कडेनं पोती लावायची, म्हणजे आत काळाकुट्ट अंधार. मग एकजण सरपटत आत शिरायचा. फटीतून, भोकातून उजेडाचा ठिपका दिसला किंवा फळी हाताला मऊ लागली, की तिथं आतून बोटाच्या पेरानं ठोकायचं... टक्. बाहेरचा माणूस फळीला कान लावून असायचा. आवाज आला तिथं तो डांबरावर चुन्याचं बोट ओढायचा. मग त्या पांढऱ्या खुणा पाहून ताग ठासायचा, फळी बदलायची, वरून डांबर. काम संपलं की आतल्यानं दोनदा ठोकायचं, टक्-टक्. म्हणजे झालं.

आत नेहमी दादा, बाहेर बाबा. बाबांच्या कमरेला तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी असायचीच. दादा मोठा खोडकर. टक्-टक् झालं की लगेच दोन्ही तळहातांनी बुडावर वरातीतला बाजा वाजवायचा. धिताड धिताड धिन्! बाबा बाहेरून ओरडायचे, "अबे, तुही वरात निंगाली का? निंग बाहेर!" आणि स्वतःच हसायचे. हे दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी आम्हाला तितकंच हसू यायचं.

त्या उन्हाळ्यात दादानं आतून एका ठिकाणी ठोकलं. बाबांनी बाहेरून पाहिलं, फळी चांगली दिसत होती. ते म्हणाले, "इथं काही नाही गा." दादानं पुन्हा ठोकलं. आतून ओरडला, "बाबा, हाताले मऊ लागून राहिली ना!" बाबा म्हणाले, "भास होते तुले. मांगच्याच साली बदलवली ते फळी. पुढच्या साली पाहू." दादानं तिसऱ्यांदा ठोकलं. बाबांनी खूण केली नाही. मग दादानं बाजा वाजवला, बाबा हसले, मीही हसले.

त्याच श्रावणात कन्हानला पूर आला. बाजाराचा दिवस होता. दादानं सगळ्यांना पलीकडे उतरवून दिलं आणि रिकामा डोंगा घेऊन परत निघाला. मी आणि बाबा या काठावर उभे होतो. धारेतून एक ओंडका आला आणि डोंग्याला लागला. फार जोरात नाही लागला हो... नुसता घासून गेला म्हणा ना. पण डोंगा मधोमध उकलला. दादानं आमच्याकडे पाहून हात वर केला. त्यानंतर नुसतं पाणी.

दादा सापडला नाही. गावातले सगळे ढीवर खाली कामठीपर्यंत शोधून आले. डोंग्याचं बूड तेवढं खाली बाभळीत अडकलेलं सापडलं. ते पाहायला मी बाबांबरोबर गेले होते. ज्या ठिकाणी दादानं तीनदा ठोकलं होतं तिथूनच ते फाटलं होतं. बाबांनी त्या जागेवर हात ठेवला. 

त्यानंतर बाबांचं एकच चालू. दादाचे दिवस करू द्यायचे नाहीत. प्रेत मिळालं नाही तर कुशाचा पुतळा करून अग्नी देतात, तेरवी करतात. भाऊबंद समजवायला आले, तर बाबा म्हणाले, "जित्या पोराले जाळू काय मी?" माझी माय रोज रात्री दादाचं ताट झाकून ठेवायची आणि सकाळी ते गाईला घालायची. ना धड सुतक, ना धड संसार. शेजारपाजारचे आमच्या दारातून जाताना आवाज बारीक करायचे. मला कधीकधी वाटायचं, किंचाळावं जोरात.

पण पोट थांबतं का? पुढचा पावसाळा यायच्या आत डोंगा हवाच होता. नवा परवडणारा नव्हता. मायनं तिची एकदाणी मोडली. सोन्याचं तेवढंच होतं तिच्याजवळ. कामठीच्या खालच्या अंगाला कवडूजी म्हणून एक ढीवर जुना डोंगा विकतो आहे असं कळलं. मे महिन्यात बाबा आणि मी तिकडे गेलो. आता आत शिरायला माझ्याशिवाय होतं कोण?

डोंगा नदीच्या काठावर कडुनिंबाखाली पालथा ठेवला होता. ताजं डांबर, नुसता चकचकत होता. कवडूजी म्हणाले, "पाहा मामाजी, आंगावर एक खरोच नाही. दहा वर्ष पाहाले लागत नाही!"

बाबा म्हणाले, "डांबर लावलेला डोंगा अन् शिंगं रंगवलेला बैल बजारात लवकरच खपते कवडूजी. आमी आतून पाहू."

"पाहा ना! मी काय नाही म्हून राहिलो?"

आम्ही कडेनं पोती लावली. बाबा मला म्हणाले, "सुमे, मी तिकडून कान लावतो. तू शिर आत." आणि ते डोंग्याच्या पलीकडच्या बाजूला गेले. मी पोतं उचललं आणि वाकले, तर कवडूजी एकदम म्हणाले, "थांब वं पोरी! तिथं इचू निंगतात. मी काठी आणतो, मंग जाय." मी थांबले. ते काठी घेऊन आले. आम्ही दोघं अलीकडे उभे, बाबा पलीकडे. मधे पालथा डोंगा. मी पोतं पुन्हा खाली सोडलेलं होतं.

आणि आतून आवाज आला. टक्.

कवडूजींच्या हातात काठी तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

पलीकडून बाबा म्हणाले, "हं. इथं?" त्यांना वाटलं मीच आत आहे. पुन्हा टक्. बाबा म्हणाले, "डांबर तं नवं हाय, उजेड कुठून दिसला वं तुले? मऊ लागते का?" टक्. "बरं, बरं, केली खूण." आवाज पुढे सरकला. टक्. बाबांची पावलंही बाहेरून पुढे सरकली. मला हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ती भीती होती असं म्हणता येत नाही मला. तो आवाज मला माहीत होता. दादा मधल्या बोटाच्या पेरानं ठोकायचा, थोडं घासून. तस्साच.

मग मधल्या फळीवर एकाच ठिकाणी ठोकणं सुरू झालं. टक्. थांबून टक्. पुन्हा टक्. बाबांची खूण होईपर्यंत ते थांबलं नाही. पलीकडून बाबांचा आवाज आला, जरा दमलेला: "केली ना वं माय, केली. या खेपेस केली."

त्यानंतर टक्-टक्. झालं.

आणि त्यानंतर बाजा. दोन्ही तळहातांनी, धिताड धिताड धिन्...

 बाबा हळूहळू डोंग्याला वळसा घालून आमच्या बाजूला आले, बोटाला चुना तसाच. त्यांनी मला बाहेर उभी पाहिलं. मग पोत्याकडे पाहिलं. कवडूजींनी देवाचं नाव घेत काठीनं पोतं उडवलं आणि डोंग्याची एक कड वर उचलली. आत कोरडी रेती होती. रेतीवर एक पाऊल नाही, सरपटल्याची रेघ नाही. विंचूसुद्धा नव्हता.

बाबांनी कमरेचा चाकू काढला. पहिल्या खुणेवर टोक ठेवून दाबलं, तर पातं मुठीपर्यंत आत गेलं. दुसरीकडेही तेच. मधल्या खुणेवर चाकू लागलाच नाही, बोटच आत गेलं. आत लाकडाचा नुसता भुगा. वरून डांबराची कातडी तेवढी चकचकीत. कवडूजी रडवेले झाले. म्हणाले, "आईची आन मामाजी, मले ठाऊक नव्हतं! मी बी असाच दुसऱ्यापासून घेतला. नका घेऊ. पोरगी घेऊन घरी जा तुमी."

बाबा म्हणाले, "घेतला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, "बाबा, सडला हाय ना तो! आताच तं पाह्यलं तुमी. मायची एकदाणी गेली हाय त्याच्यात!"

"हाव. माहीत हाय."

"मंग काहून घेता?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी आयुष्यात ते विसरणार नाही. म्हणाले, "मंग माह्या पोराले इथंच सोडून जाऊ का मी? लोकाच्या काठावर?"

कवडूजी पैसे घेईनात. बाबांनी ठरलेले पैसे त्यांच्या दाराच्या उंबऱ्यावर ठेवले. डोंगा बैलबंडीवर चढवून, सबंध वाट त्याच्या बुडावर हात ठेवून, बाबा तो घरी घेऊन आले. मायनं तो पाहिला आणि बाबांना जे बोलली ते मी लिहीत नाही. तिची काय चूक? वर्षाचं पोट गेलं होतं. मग मी तिला सगळं सांगितलं. ती डोंग्याजवळ गेली, पदर खोचला आणि फळीवर ठोकून म्हणाली, "शालिक... मले बी वाजवून दाखव रे बाबू." खूप वेळ कान लावून बसली. काही आलं नाही. चुलीवरची भाजी जळाली, तिचा वास अंगणभर झाला, तरी ती उठली नाही.

डोंगा अंगणातच पालथा राहिला. पाण्यात जाण्यातला तो नव्हताच. बाबा दुसऱ्यांच्या जाळ्यावर कामाला जायला लागले. स्वतःचा डोंगा असलेला माणूस दुसऱ्याच्या डोंग्यात वल्हं मारतो हे पाहणं काय असतं, ते ढीवरालाच विचारा. सकाळी निघण्याआधी बाबा पालथ्या डोंग्यावर ठोकायचे, कान लावायचे आणि मग जायचे. पावसानं चुन्याच्या खुणा धुऊन गेल्या. आतून पुन्हा कधी, एकदाही आवाज आला नाही. मी नर्सिंग शिकायला नागपूरला आले. खोटं नाही सांगत, त्या अंगणातून सुटले म्हणून बरं वाटलं मला.

पुढच्या वर्षी पितृपक्षात सुट्टीवर घरी गेले. मायला दादाचं पान वाढायचं होतं. बाबांनी नाही म्हटलं म्हणजे नाही. सकाळी दोघांचं त्यावरून जुंपलं आणि माय रागानं पलीकडच्या गावी तिच्या बहिणीकडे निघून गेली. भर दुपार. मी घरात तांदूळ निवडत होते. अंगणात आवाज आला... टक्.

तांदळाचं सूप खाली पडलं माझ्या हातातून. धावत बाहेर आले. पुन्हा टक्, डोंग्यातूनच. कडेला पोती नीट लावलेली होती. मी "दादा!" म्हणून हाक मारणार, तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला. बारीक, लाडिक आवाज, लहान मुलाला समजवताना काढतात तसा.

"शालिक... आज मी आत हाय बाबू. तू बाहेरून खूण कर. तू म्हनशीन तितं ठोकतो मी. कर ना गा खूण."

टक्. आणि ते थांबून राहिले, खूण व्हायची वाट बघत.

 म्हातारा माणूस त्या अंधारात मातीत पडून, मेलेल्या पोराला विनवत होता. मी आत पळाले, मायचा पानाचा डबा उचलला, बोटाला चुना घेतला आणि जिथं टक् झालं होतं तिथं एक रेघ ओढली. बोट फळीवर घासल्याचा आवाज त्यांना आत ऐकू गेला असावा. "हाव... हाव रे बाबू," असं म्हणून त्यांनी पुढच्या ठिकाणी ठोकलं. पण मला पुढं जमेना. बोट उचलेना. मी मागं सरले आणि दाराच्या पायरीवर बसले. चुन्याचा डबा मांडीवर घेऊन, तोंडात पदर कोंबून रडत होते. डोळे मिटलेले. टक् होत राहिलं, डोंग्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. दरवेळी टक् झाल्यावर बाबा थांबायचे, मग आतून "हाव" म्हणायचे आणि पुढं सरकायचे. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. वाटलं, बिचारे मनानंच खूण झाली असं समजून चालले आहेत.

शेवटी बाबा पोतं सारून बाहेर आले. केसात माती, कोपरं खरचटलेली. उभे राहिले आणि डोंग्याकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं. माझं बोट पांढरं होतं.

"तू लावल्या का वं सुमे?"

मी मान वर केली. काळ्या बुडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढऱ्या रेघा होत्या. ओल्या. मी उठून गेले, हात लावला, चुना बोटाला लागला.

क्षणभर वाटलं, हो म्हणावं. पण माझ्याच्यानं झालं नाही. मी पहिल्या खुणेवर हात ठेवला आणि म्हटलं, "बाबा, हे एकच माही. बाकीच्या माह्या नाही."

बाबा एकेका रेघेजवळ गेले. मधल्या रेघेपाशी बराच वेळ उभे राहिले. मग खाली बसले आणि रडायला लागले. दादा गेल्यापासून पहिल्यांदा. केवढ्यांदा रडले हो! शेजारची माणसं धावत आली. बाबांचे शब्द धड कळत नव्हते, एवढंच कळत होतं: "मी नाही केली रे खूण... तुहं मी ऐकलं नाही... तू माहं सगळं ऐकलं..."

रडून झाल्यावर त्यांनी धोतरानं तोंड पुसलं. उठले आणि डोंग्याच्या फळीवर पेरानं दोनदा ठोकलं. टक्-टक्. मग मला म्हणाले, "मायले बोलावणं धाड. म्हनाव, पोराचे दिवस करू."

पितृपक्ष सरायच्या आत आम्ही पुतळा करून दादाला अग्नी दिला, नदीच्या काठावर. लाकूड डोंग्याचंच. बाबांनी एकेक फळी स्वतःच्या हातानं काढली, कोणाला हात लावू दिला नाही. त्या दिवसापासून मायनं ताट झाकून ठेवणं बंद केलं. पहिल्या रात्री सवयीनं वाढलं तिनं, मग तेच ताट घेऊन स्वतः रडत रडत जेवली. मीठ घालायची गरज पडली नसेल तिला.

आता तुम्ही शंका काढालच, मीच काढल्यात. बाबांनी आधीच खुणा करून ठेवल्या असतील? मी पहिली रेघ ओढली तेव्हा बाकी डोंगा काळा होता, मी पाहिलाय. त्यांची डबी त्यांच्याबरोबर आत होती, मायचा डबा माझ्या मांडीवर. माय नदीपार. गावातलं पोरगं आलं असेल? चार हातांवरून कोणी गेलं तर डोळे मिटलेले असतानाही कळतं माणसाला. दुःखात मीच लावल्या आणि विसरले? हे माझ्या एका डॉक्टरांचं मत. होतं म्हणे असं. असेल. मग कामठीला त्या रेतीवर कोण होतं, ते त्यांनी सांगावं. कवडूजींनी पुढं डोंग्याचा धंदाच सोडला.

आज बाबा नाहीत, माय नाही. नदीवर पूल झालाय, गाडी दोन मिनिटात पलीकडे जाते. मी अजूनही भूत मानत नाही. कोणी विचारलं की तो दादा होता का, तर मला नाही सांगता येत. एवढं सांगते की आत्ता हे लिहितानाही मला त्याची फार आठवण येते आहे आणि तेव्हा डोळे मिटून घेतले याचं वाईट वाटतं.

बाबांची चुन्याची डबी माझ्याकडे आहे. मी पान खात नाही, तंबाखूला हात लावत नाही. तरी दर आठवड्याला ती उघडते आणि दोन थेंब पाणी घालते. चुना वाळू देत नाही.